झडप बदलण्याआधीचे दिवस



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं. म्हणून मीही सुरुवात शाळेतल्या मुलांपासून करते. माझा विषय हृदयाची झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेची तयारी हा आहे. पण आपल्याकडे या शस्त्रक्रियेची कहाणी पुष्कळदा पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाच्या दुखऱ्या घशापासून सुरू होते. स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू घशात शिरतो. ताप येतो, उतरतो. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजतो, तो बरा होतो न होतो तोच घोटा धरतो, मग कोपर. सांधे पूर्ण बरे होतात. हृदयाच्या झडपेला झालेली इजा मात्र पुष्कळदा तशीच राहते आणि वर्षानुवर्षं आतल्या आत झडप जाड, कडक होत जाते. याला रुमॅटिक फीव्हर म्हणतात. मुलगी विशीत येते, लग्न होतं, पहिल्या गरोदरपणात सहाव्या-सातव्या महिन्यात रात्री धाप लागून उठून बसते, आणि घरच्यांना तेव्हा पहिल्यांदा कळतं की हिची झडप खराब आहे.

मी भूलतज्ज्ञ आहे. हृदयाच्या ऑपरेशनांना भूल देते. झडप सर्जन बदलतात. ते ऑपरेशन सोसेल अशा अवस्थेत माणूस टेबलावर पोचवणं आणि नंतर त्याला सुखरूप जागं करणं हे आमचं काम. त्यामुळे पेशंटशी माझी भेट ऑपरेशनच्या आधी होते, वॉर्डमध्ये, खाटेच्या कडेवर बसून. त्या खाटेवर बसून बसून माझं एक मत पक्कं झालं आहे आणि तेच आज तुम्हांला सांगायला आले आहे. ऑपरेशनची तारीख मिळाल्यापासून टेबलावर जाईपर्यंतचे दिवस हे उपचाराचेच दिवस असतात. ते आपण नुसते काळजीत घालवतो.

आधी थोडं शरीराबद्दल. हृदयात चार झडपा. रक्त पुढे जाऊ द्यायचं आणि मागे येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम, आणि ते दिवसाला सुमारे एक लाख वेळा चालतं. महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या एओर्टिक झडपेचं तोंड निरोगी माणसात तीन ते चार चौरस सेंटीमीटर उघडतं. ते एकाच्या खाली आलं की आजार गंभीर समजतात. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप चार ते सहा चौरस सेंटीमीटर उघडते; ती दीडवर आली की जिना चढणं, पाण्याची कळशी उचलणं जड जातं. कधी झडप उघडत नाही, कधी नीट मिटत नाही, कधी दोन्ही. तरुणांत याचं कारण बहुधा रुमॅटिक फीव्हर, साठी-सत्तरीनंतर झडपेवर साचत गेलेलं कॅल्शियम, आणि काहींच्या एओर्टिक झडपेला जन्मतःच तीनाऐवजी दोन पाकळ्या असतात.

मग पहिला प्रश्न: ऑपरेशन आत्ताच का? हा प्रश्न मला प्रत्येक घर विचारतं आणि तो विचारायलाच हवा. काही आकसलेल्या मायट्रल झडपा मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन उघडता येतात, काही शिवून दुरुस्त होतात, सगळ्याच बदलाव्या लागत नाहीत. पण एओर्टिक झडप गंभीररीत्या अरुंद झाली आणि छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं किंवा धाप यांपैकी काही सुरू झालं, तर थांबण्यात शहाणपण नाही. १९६८ साली रॉस आणि ब्राउनवाल्ड या दोन अमेरिकन डॉक्टरांनी अशा रुग्णांचा मागोवा मांडला. लक्षणं दिसेपर्यंत माणसं अनेक वर्षं ठीक असतात, आणि लक्षणं सुरू झाल्यावर, झडप बदलली नाही तर, सरासरी दोन ते पाच वर्षं. धाप लागणाऱ्यांची सर्वांत कमी. ‘दिवाळी होऊन जाऊ दे’, ‘मुलीचं लग्न उरकू दे’ असं म्हणून वर्ष ढकललेली माणसं मी पाहिली आहेत. ती शेवटी आली तेव्हा हृदय इतकं थकलेलं होतं, की जे ऑपरेशन सोपं झालं असतं ते अवघड झालं. डॉक्टरांना स्पष्ट विचारा: किती दिवस थांबता येईल? महिने की आठवडे? उत्तर मिळालं की त्याप्रमाणे तयारीला लागा.

आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, आणि मी तिच्यावर जरा रेंगाळणार आहे. झडप कुठली बसवायची?

१९६० साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात अल्बर्ट स्टार हा तरुण सर्जन आणि लॉवेल एडवर्ड्स हा निवृत्त अभियंता यांनी मिळून धातूच्या पिंजऱ्यात चेंडू असलेली झडप केली आणि ती माणसाच्या हृदयात मायट्रल झडपेच्या जागी बसवली. तिथून मेकॅनिकल झडपांचं युग सुरू झालं. आपल्या देशात ही झडप परदेशातून येई आणि सामान्य घराला ती परवडत नसे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांनी भारतीय झडप करायचं मनावर घेतलं. तीन नमुने फसले. चौथ्यात हेन्स नावाच्या मिश्रधातूचा सांगाडा आणि त्यात कलती होणारी पॉलिथिलिनची चकती होती. ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. आज चित्रा व्हॉल्व्ह एक लाखाहून अधिक लोकांच्या छातीत बसवला गेला आहे. डॉ. वलियाथन २०२४ साली गेले. तीन वेळा हरून चौथ्यांदा उभं राहणाऱ्या त्या माणसाचे उपकार आपल्या कितीतरी घरांवर आहेत. त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकांत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा प्रकार टिश्यू व्हॉल्व्हचा. डुकराच्या हृदयाची झडप किंवा गाईगुरांच्या हृदयाभोवतालचं आवरण प्रक्रिया करून वापरतात. हे पेशंटला आधी सांगणं मी आवश्यक मानते. आपल्याकडे कुणाच्या श्रद्धेला ते रुचेल, कुणाच्या नाही. पण त्याच्या छातीत काय बसणार हे त्याला नंतर कुणाच्या तोंडून कळणं बरोबर नाही.

या दोघींत निवड कशी करायची? मेकॅनिकल झडप सहसा झिजत नाही, पण तिच्यावर रक्ताची गुठळी धरते, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. टिश्यू झडपेला अशी जन्मभराची गोळी बहुधा लागत नाही, पण ती साधारण दहा-पंधरा वर्षांत खराब होते आणि वय जितकं लहान तितकी लवकर. म्हणून ढोबळमानाने पन्नाशीच्या आत मेकॅनिकल, पासष्टीच्या पुढे टिश्यू, आणि मधल्यांनी विचार करून ठरवायचं, असा रिवाज आहे.

पण मंडळी, हा हिशेब केवळ वयाचा आहे का? माणूस राहतो कुठे, करतो काय, त्याच्या घरात कोण आहे, हे कुणी विचारायचं?

ती गोळी म्हणजे वॉर्फरिन किंवा आपल्याकडे जास्त दिली जाणारी असिट्रोम. वॉर्फरिनचा इतिहास मोठा विलक्षण आहे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिनमध्ये सडलेलं क्लोव्हरचं गवत खाऊन गुरं रक्तस्राव होऊन मरत होती. त्या गवतातला दोषी पदार्थ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने शोधला आणि त्यावरून तयार झालेलं वॉर्फरिन १९४८ साली उंदीर मारायला बाजारात आलं, १९५४ साली माणसांचं औषध म्हणून मान्य झालं. एवढ्या जोरकस औषधाची मात्रा हाताच्या बोटांवर ठरत नाही. त्यासाठी आयएनआर ही रक्ताची चाचणी वारंवार करावी लागते. एओर्टिक झडपेला हा आकडा साधारण अडीचच्या आसपास, मायट्रलला तीनच्या आसपास ठेवतात. कमी पडला तर झडपेवर गुठळी, जास्त झाला तर मेंदूत रक्तस्राव. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या, ज्यांना ही तपासणी लागत नाही, त्या मेकॅनिकल झडपेला चालत नाहीत. डॅबिगॅट्रान वापरून पाहिलं गेलं आणि २०१२ साली तो प्रयोग थांबवावा लागला.

मग ज्याचं गाव तालुक्यापासून लांब आहे, जो ऊसतोडीला सहा महिने घर सोडून जातो, त्याची आयएनआर तपासणी कुठे होणार? हे ऑपरेशनच्या आधी ठरलं पाहिजे. प्रयोगशाळा कोणती, रिपोर्ट कुणाला दाखवायचा, गोळी कमी-जास्त करायला फोन कुणाला करायचा. कागदावर लिहून घ्या. पालक, मेथी, शेपू, चाकवत यांत व्हिटॅमिन के असतं, त्याने गोळीचा परिणाम कमी होतो. भाजी सोडायची गरज नाही, पण आठवडाभर रोज मेथी आणि पुढचा आठवडा काहीच नाही, असं करू नये. श्रावणातले उपास धरायचे असतील तर डॉक्टरांना सांगून धरा. आणि अंगदुखीची गोळी दुकानातून आपल्या मनाने आणायची नाही, कधीच नाही.

आता मघाच्या त्या मुलीकडे येते. तिची झडप बदलायची आहे, ती बावीस वर्षांची आहे. मेकॅनिकल बसवली तर ही गोळी आली, आणि गरोदरपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ही गोळी गर्भाला व्यंग आणू शकते. गोळी थांबवून हेपारिनची इंजेक्शनं घ्यावीत, तर गुठळीचा धोका वाढतो. टिश्यू बसवली तर गरोदरपण पुष्कळ सोपं जातं, पण तिशी-पस्तिशीत पुन्हा छाती उघडावी लागणार. दोन्ही वाटांवर किंमत आहे. ती कुणी द्यायची हे कुणी ठरवायचं? मी कित्येकदा पाहिलं आहे, चर्चेला वडील असतात, नवरा असतो, सासरे असतात, मामा असतो. मुलगी खाटेवर. तिला कुणी विचारत नाही. मी विचारते तेव्हा ती आधी नवऱ्याकडे बघते. मंडळी, तिला बाहेर ठेवून घेतलेला निर्णय मी तयारी मानत नाही. तिला एकटीला डॉक्टरांशी बोलू द्या. मुलं हवीत का, कधी हवीत, पुढे पाळीच्या वेळी रक्तस्राव जास्त होईल तर काय करायचं, हे प्रश्न ती सगळ्यांसमोर विचारणार नाही. आणि लग्न ठरायचं असेल तर छातीवरचा व्रण लपवू नका. लपवलेल्या व्रणासोबत गोळीही लपवावी लागते, आणि लपवून घेतलेली गोळी चुकते. गोळी चुकल्यामुळे झडप अडकून मध्यरात्री आलेल्या मुलींना मी भूल दिली आहे. सगळ्या वाचल्या नाहीत.

यापुढच्या गोष्टी लहान वाटतात. त्या लहान नाहीत.

दात. हृदयाच्या ऑपरेशनला आलेल्या माणसाला दाताच्या डॉक्टरकडे पाठवलं की नातेवाईक चक्रावतात. किडलेल्या दातातले, सुजलेल्या हिरडीतले जंतू रक्तात उतरतात आणि नव्या झडपेवर जाऊन घर करतात. तो संसर्ग झाला की महिना-दीड महिना शिरेतून अँटिबायोटिक, आणि तरीही पुष्कळदा पुन्हा ऑपरेशन. तो जिवावर बेततो. म्हणून तारीख मिळाल्याबरोबर दात तपासून घ्या. काढायचे असतील तर हिरडी भरून यायला दोनेक आठवडे मिळतील असे काढा. पुढे जन्मभर दात काढताना किंवा साफ करून घेताना आधी ‘माझी झडप बदललेली आहे’ असं सांगा, म्हणजे तासभर आधी अँटिबायोटिकचा डोस मिळेल. ज्यांना रुमॅटिक फीव्हर होऊन गेला आहे त्यांचं तीन आठवड्यांनी घ्यायचं पेनिसिलिन झडप बदलली म्हणून आपोआप बंद होत नाही, हेही इथेच सांगून ठेवते. ते कसं चालू ठेवायचं हे डॉक्टरांना विचारा.

तंबाखू, मिश्री, विडी. आजच सोडा. विडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसात कफ साचलेला असतो. ऑपरेशननंतर छातीचं हाड तारेनं शिवलेलं असताना त्याला खोकावं लागतं आणि त्या वेदनेने तो खोकत नाही, मग न्यूमोनिया होतो. चार आठवडे आधी सोडली तर फरक पडतो, आठ आठवडे आधी सोडली तर फार पडतो. तीन चेंडूंचं ते श्वासाचं यंत्र मिळतं ना, ते आधीपासून वापरा. ऑपरेशननंतर शिकायला जमत नाही, तेव्हा सगळंच दुखत असतं.

औषधं. घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणा. काढे, चूर्णं, शेजाऱ्याने दिलेल्या पुड्यासुद्धा. आम्ही रागावणार नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या काही दिवस आधी थांबवायच्या असतात, पण कुठली, किती दिवस, हे प्रत्येकाचं निराळं असतं, म्हणून आपल्या मनाने काही बंद करायचं नाही. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी साखरेसाठी किंवा हृदयासाठी चालू असेल तर ती आवर्जून सांगा. ती ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधी थांबवली नाही तर साखर ठीक दिसत असतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. रक्त कमी असेल तर लोह आधी भरून काढायला हवं, आपल्या बायकांत हे फार वेळा निघतं.

पैशांचं मी थोडक्यात सांगते, पण सांगितलंच पाहिजे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत झडपेची ऑपरेशनं येतात. शिधापत्रिका, आधार कार्ड आणि रिपोर्ट घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून ही योजना आहे. हा तुमचा हक्क आहे, तो मागताना संकोच करू नका. शेत गहाण टाकायच्या आधी एवढं तरी विचारा.

शेवटचा मुद्दा. भीती. तिचीही तयारी करावी लागते, आणि ती तयारी माझ्याकडची आहे.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री पेशंट मला ऑपरेशनबद्दल फारसं विचारत नाही. तो विचारतो, ‘मध्येच जाग आली तर?’ मी त्याला सांगते की भूल देऊन मी निघून जात नाही. तुमचं हृदय थांबवून यंत्रावर घेतलेलं असतं तेव्हाही मी तुमच्या डोक्याशी उभी असते. मग मी त्याला जागं होण्याबद्दल सांगते, कारण ते कुणी सांगितलेलं नसतं. जाग येईल तेव्हा घशात नळी असेल. बोलता येणार नाही. वाचा गेलेली नाही, नळी स्वरयंत्रातून गेलेली आहे, ती काढली की आवाज येईल. हात सैल बांधलेले असतील, नळी ओढली जाऊ नये म्हणून. छातीतून नळ्या बाहेर आलेल्या असतील. सिस्टरने ‘दुखतंय का’ विचारलं तर मान हलवा. हे सगळं आम्ही आदल्या दिवशी करून बघतो, चक्क तालीम करतो. ज्याला आधी सांगितलेलं असतं तो त्या नळीशी झगडत नाही. आणि हेच घरच्यांनाही सांगावं लागतं, कारण अतिदक्षता विभागाच्या दारातून मुलाचे बांधलेले हात पाहणाऱ्या आईला कुणी काही सांगितलं नसेल, तर तिच्या मनाचं काय होत असेल? म्हाताऱ्या माणसांचा चष्मा आणि कानाचं यंत्र सिस्टरकडे नाव लिहून द्या. न दिसता, न ऐकता जागं झालेलं म्हातारं माणूस त्या खोलीत रात्री भ्रमात जातं. मंगळसूत्र, बांगड्या घरीच उतरवून ठेवा, म्हणजे ऑपरेशनच्या दारात त्यावरून रडारड होत नाही. नेलपेंट लावू नका, बोटाला प्राणवायू मोजायचं यंत्र लावतात. आणि उपाशी म्हणजे उपाशी. ‘एक घोट चहा’ दिलात तर मला ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल.

घरी गेल्यावर सहा ते आठ आठवडे छातीचं हाड जुळत असतं. तेवढे दिवस कळशी, पोतं, नातवंड उचलायचं नाही, दुचाकी चालवायची नाही. घरातला संडास उकिडवं बसायचा असेल तर खुर्चीची सोय आधी करून ठेवा. मेकॅनिकल झडपेचा टिकटिक आवाज शांत खोलीत ऐकू येतो. तो झडप चालू असल्याचा आवाज आहे, घाबरू नका.

तुमच्यातले बहुतेक जण पेशंट नाहीत. तुमच्याकडे माझी एकच मागणी आहे. या ऑपरेशनला रक्त लागतं, आणि परगावाहून आलेल्या कुटुंबाला ते जमवताना रक्तपेढीच्या दारात उभं राहावं लागतं. अठरा ते पासष्ट वयाचा निरोगी माणूस रक्त देऊ शकतो, पुरुष दर तीन महिन्यांनी, स्त्री दर चार महिन्यांनी. कुणी ओळखीचं आजारी पडायची वाट न बघता द्या. आणि ज्यांच्या घरी ऑपरेशन ठरलेलं आहे त्यांनी कार्यक्रम संपला तरी जाऊ नका. रिपोर्ट आणले असतील तर घेऊन पुढे या, मी थांबले आहे.